शादलिया माणसं मोजत नाही

सूस शहरातल्या हॉटेलांतून सकाळी साडेआठला निघून संध्याकाळी परतणारी महदियाची बस गेली सत्तावीस वर्षं शादलियाच्या हातात होती, आणि या सत्तावीस वर्षांत तिने एकदाही माणसं मोजली नव्हती.

गाईड म्हटला की मोजणं आलंच. बाकीचे गाईड बसमध्ये चढले की पहिल्या सीटपासून शेवटच्या सीटपर्यंत बोट नाचवत जातात, ओठ हलत असतात, मधेच कुणी उठून उभं राहिलं की चुकतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. शादलिया असलं काही करत नसे. माणसांवर बोट रोखून आकडे म्हणायचे, म्हणजे दृष्टीला घरचा पत्ता देण्यासारखं आहे, असं तिची आई सांगायची. आमच्या महदियात त्या पिढीच्या सगळ्याच बायका असं मानत. "पोरं किती?" असं विचारलं तर "देवाची कृपा आहे" एवढंच उत्तर मिळे. शादलियाची आई तर गव्हाची मापं टाकतानाही पहिल्या मापाला एक म्हणायची नाही, बरकत म्हणायची. बरकत, दोन, तीन, असं. गहू तरी ती मोजे. माणसं नाहीच.

मग बसमध्ये सगळे आले की नाही हे शादलियाला कळायचं कसं? त्याची तिची एक रीत होती. आमच्याकडे नवरीची रेशमी-जरीची वस्त्रं विणणारे माग अजून चालतात. तिथले उरलेले धाग्यांचे तुकडे ती पिशवी भरून आणायची. सकाळी बस सुरू झाली की सीटसीटवर जाऊन प्रत्येकाच्या मनगटाला एक धागा बांधायची. दोन-तीन रंग एकत्र पिळलेले, एकासारखा दुसरा नाही. आणि त्याच रंगाचा जोडीचा तुकडा आपल्या गवती टोपलीच्या कडीला बांधायची. माणूस परत बसमध्ये चढला की कडीवरचा त्याचा धागा सोडायचा. कडी मोकळी झाली की बूराउईला, म्हणजे आमच्या ड्रायव्हरला, नुसती मान हलवायची. तो गाडी सोडायचा. पाहुण्यांना वाटे, काय छान भेट दिली बाईनं. हा आपला हजेरीपट आहे हे त्यांच्या गावीही नसे. गावाला मात्र ठाऊक होतं. कुणी परदेशी माणूस मनगटाला रेशीम बांधून गल्लीबोळांत भांबावलेला दिसला, की कुणीतरी त्याचा दंड धरून त्याला बसपर्यंत आणून सोडायचंच.

कडी अगदी मोकळी मात्र कधीच होत नसे. टोपली तिच्या आईची होती, आणि कडीच्या एका टोकाला एक जुना धागा होता, कधी काळी लाल असावा, आता वाळल्या डाळिंबाच्या सालीसारखा. तो कुणाचा, असं कुणी विचारलं तर शादलिया म्हणायची, "एक जण यायचा आहे." आणि विषय बदलायची.

तो धागा हम्मादीचा. तिचा थोरला भाऊ. आई पोरांना आणि नवऱ्याला समुद्रावर धाडताना असेच धागे बांधायची, एक त्यांच्या हाताला, एक टोपलीला. शादलिया नऊ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. बंदरावर नवा कारकून आला होता, हातात नवी कोरी वही. त्याने बापाच्या होडीतल्या माणसांवर बोट रोखून मोठ्याने मोजलं, "एक, दोन, तीन..." सातापर्यंत. धक्क्यावर उभ्या आईने पदराने तोंड झाकून घेतलं. तिसऱ्या दिवशी होडी आली ती सहा जणांची. सतरा वर्षांच्या हम्मादीला लाटेनं नेलं होतं. आईनं समुद्राला बोल लावला नाही, नवऱ्याला लावला नाही. त्या बोटाला लावला, मरेपर्यंत. खरं खोटं देव जाणे. शादलिया शिकलेली होती, चार भाषा बोलायची, फिनिशियन आणि फातिमी राजवटींच्या तारखा तिला तोंडपाठ होत्या. पण बोट उचलून माणसं मोजायची म्हटलं की तिचा हात जड व्हायचा, त्याला काय करणार?

आता या एप्रिलात कंपनीने रिआद नावाचा तरुण निरीक्षक नेमला होता. दाढी रेखलेली, बूट चकचकीत, आणि खिशात स्टीलचं एक यंत्र, अंगठ्यानं दाबलं की टक करून आकडा एकाने पुढे सरकवणारं. तो त्या दिवशी पहिल्यांदा महदियाच्या बसवर आला.

"लल्ला शादलिया," तो सूसमध्येच म्हणाला (आमच्याकडे बाईला अदबीनं लल्ला म्हणतात, पुरुषाला सी), "हे धागेबिगे पाहुण्यांना आवडतात तर बांधा, माझी ना नाही. पण मोजणी यंत्रावर. चढताना, उतरताना, आणि कागदावर आकडा. साहेबांचा हुकूम आहे. ज्यांना जमणार नाही त्यांना महदियाची फेरी मिळणार नाही."

"पाहुणे काय संत्री आहेत?"

"तुम्ही बँकेतून पैसे काढता तेव्हा नोटांना पण धागे बांधता का?"

"नोटांना आई नसते," शादलिया म्हणाली, आणि तिनं पिशवीतून पहिला धागा काढला.

स्टिअरिंगवरून बूराउई खदखदून हसला. दोघांनी मिळून तीन बस म्हाताऱ्या केल्या होत्या, तेव्हा त्याला हसायचा हक्क होता. रिआद हसला नाही. त्यानं टकटक करत अडतीस माणसं मोजली आणि कागदावर लिहिली.

नवव्या सीटवर एक म्हातारा एकटाच बसला होता. झेक. नाव वोयतेख, वय शहात्तर, डोक्याला गवती हॅट. शादलियानं त्याच्या हाताला निळा आणि पिवळा पिळून बांधला. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये त्यानं विचारलं की समुद्राकाठच्या त्या कब्रस्तानात या दिवसांत फुलं असतात का.

"एप्रिल आहे. कबरी दिसणार नाहीत इतकी."

"मग मधमाशा असतील." म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "माझ्या गावी माझी वीस पोळी आहेत. सगळे विचारतात, एका पोळ्यात माशा किती? मी काय मोजतो थोडाच? कान लावतो. कमी झाल्या की आवाजावरून कळतं."

शादलियाला तो तिथंच आवडला. तिनं रिआदकडे एक नजर टाकली. त्याला जर्मन येत नव्हतं, हे एका अर्थी वाईटच झालं.

दिवस नेहमीसारखा गेला. स्कीफाच्या अंधाऱ्या वेशीतून आत, मागवाल्यांच्या दुकानांवरून चौकात, मशिदीवरून किल्ल्यावर, किल्ल्यावरून खाली कब्रस्तानात. पांढऱ्या कबरी उतारावरून थेट समुद्रापर्यंत उतरलेल्या, त्यांच्यामधून पिवळी फुलं आणि खसखशीची लाल फुलं. तिथं शादलिया फार बोलत नाही. पाहुणे आपोआप गप्प होतात. मग बंदरावर जेवण, तळलेले सार्डिन मासे, ब्रीकच्या कुरकुरीत घड्या, हरिसाची तिखट चटणी खाऊन कुणाकुणाच्या डोळ्यांत पाणी, आणि चार वाजेपर्यंत मोकळीक. प्रत्येक उतरण्या-चढण्याला रिआद टकटक करत होता आणि शादलिया त्याच्या बाजूला उभी राहून आपले धागे बघत होती.

चार वाजता बस वेशीबाहेर उभी होती. दोन पाहुण्यांचं रात्रीचं विमान होतं, म्हणून रिआद घाईत. शादलिया पुढच्या दारात बसून एकेकाचा धागा सोडत होती. सगळे चढले. रिआदनं बसच्या मधल्या वाटेनं मागपर्यंत जात डोकी मोजली, परत आला, यंत्र तिच्या नाकासमोर धरलं.

"अडतीस. बघा, किती सोपं असतं. चला, सी बूराउई."

शादलियानं टोपली मांडीवर घेतली. कडीवर हम्मादीचा धागा होता, आणि त्याच्या शेजारी निळा-पिवळा.

"एक जण यायचाय," ती म्हणाली.

"लल्ला, अडतीस आलेत."

"तो झेक म्हातारा आलेला नाही."

"आहे की मागच्या सीटवर. हॅट तोंडावर घेऊन घोरतोय. मी स्वतः मोजलाय त्याला. विमान चुकलं तर तुम्ही उडवून नेणार आहात का त्यांना?"

बूराउई समोरची काच पुसत होता. काच स्वच्छ होती. शादलियानं त्याच्या मानेकडे पाहिलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेली. सत्तावीस वर्षं ज्या मानेमागे ती बसली होती ती मान खोटं बोलायला लागली की लगेच कळतं.

ती उठली आणि मागे गेली. शेवटच्या सीटवर हातांची घडी घालून, पाय पसरून एक जण झोपला होता. हाफ पँट, केस पिंगट, तोंडावर हॅट. मनगटाला काही नाही. तिनं हॅट उचलली.

"मुंजी!"

बूराउईचा मेहुणा. सूसच्या एका हॉटेलात भांडी घासायला होता आणि सुट्टीहून परत चालला होता. अशा मोकळ्या सीटवर घरचं माणूस नेण्याची आमच्याकडच्या ड्रायव्हर लोकांची जुनी खोड. नवा निरीक्षक बसमध्ये असतानाही ती सुटली नव्हती. बूराउईनं त्याला मागच्या दारानं चढवलं होतं आणि पाहुण्यासारखा दिस म्हणून बजावलं होतं. मुंजी फारच चांगला दिसला होता.

"खाला," मावशी म्हणून हाक मारत तो ओशाळून म्हणाला, "मी उभा राहून पण येईन."

रिआदला आधी कळेना, मग कळलं, आणि त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. यंत्रानं चूक केली नव्हती. डोकी अडतीसच होती.

"सी बूराउई, ही तुमची शेवटची फेरी," तो दात ओठ खात म्हणाला. मग घड्याळाकडे पाहून, "नियम पंधरा मिनिटांचा आहे. पंधरा मिनिटं थांबू. मग निघू. मी पोलिसांना फोन करून कळवतो, ते शोधतील."

"तुम्ही निघा नाहीतर राहा," शादलिया म्हणाली. टोपली तिनं हातात घेतली होती. "मी आणलेला माणूस मी घेऊन जाईन. त्याच्याशिवाय मी या गाडीत पाय ठेवणार नाही."

"नोकरीचा विचार करा."

"केला. आता बाजूला हो, पोरा."

ती उतरली. मागं इंजिन बंद झाल्याचा आवाज आला, आणि बूराउईचा. "नोकरी तर गेलीच आहे सी रिआद, मग चावी तरी माझ्या खिशात राहू द्या. विमानवाल्यांना टॅक्सी करा. गाडी इथनं हलायची नाही."

शादलिया छप्पन्न वर्षांची होती, गुडघे दुखणारी, आणि वेशीपासून गावाच्या समुद्रात घुसलेल्या टोकापर्यंत दीड किलोमीटर. ती धावली नाही, पण तिला जाताना ज्यांनी पाहिलं ते अजून सांगतात की वाटेतली माणसं आपोआप भिंतीला चिकटत होती. मागवाल्या हुसैनदाच्या दुकानासमोर तिनं नुसता निळा-पिवळा धागा वर धरला.

"गेला की इथनंच!" हुसैनदा मागावरूनच ओरडला. "दोनच्या सुमाराला. किल्ल्याकडे. मी म्हटलं, तुझाच आहे. परत आलेला मात्र पाहिला नाही."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"मला वाटलं, दुसऱ्या वाटेनं आला असेल."

कड्यावरच्या कॉफीवाल्यानंही पाहिला होता. दीपस्तंभाकडे, हात मागे बांधून, फुलांत तोंड खुपसत चालला होता म्हणे. "आम्हाला हसू आलं, बाई," तो म्हणाला, "माणूस आहे की बकरी."

शादलियाला हसू आलं नाही. ती कबरींच्या मधून उतरत होती आणि तिला एकाएकी आईची फार आठवण येत होती. आईही अशीच चालायची, तीन दिवस चालत होती, धक्क्यापासून या टोकापर्यंत आणि परत, टोपली हातात घेऊन. नऊ वर्षांची शादलिया तिच्या पाठीमागे. तेव्हा शोधून सापडलं काहीच नव्हतं. आज नाही, ती मनात म्हणाली. आज तसं होणार नाही, मी होऊ देणार नाही. तिला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा राग जास्त येत होता. कुणाचा राग, ते तिला सांगता आलं नसतं.

तिनं मोठ्यानं हाका मारल्या. वारा जोराचा होता, हाका जमिनीकडे परत येत होत्या. मग ती थांबली. डोळे मिटले आणि कान लावला.

लाटा होत्या. वारा होता. आणि खालच्या बाजूला, शेवटच्या कबरीपलीकडे, गुणगुण होती. खूप माशांची, एका जागी.

खडकात कोरून काढलेलं जुनं बंदर आहे तिथं, हजार वर्षांपूर्वीचं, आता दोन-चार होड्यांपुरतं. त्याच्या वरच्या बाजूला खडकाला एक भेग होती आणि भेगेत पोळं. आणि त्याच्याखाली, उतरत्या कातळावर, पाण्यापासून दोन हातांवर वोयतेख पडला होता. एक पाय दुमडू नये तसा दुमडलेला. कपाळाची बाजू रक्तानं माखलेली. हॅट पाण्यात तरंगत होती. मनगटावर निळा-पिवळा धागा.

शादलिया बसून, घसरत, हात टेकत खाली गेली. स्वतःची ओढणी काढून तिनं त्याच्या डोक्याखाली घातली. त्याचे डोळे अर्धवट उघडे होते, पण तो कुणाकडे बघत नव्हता. तिनं रुग्णवाहिकेला फोन लावला. एका तरुण डॉक्टरणीनं उचलला, जागा विचारली, कसा पडलाय विचारलं, हलवू नका म्हणाली.

"निघालीय गाडी. मॉनस्तीरच्या रस्त्यावर आहे, वेळ लागेल. खाला, आता मी सांगते ते करायचं. त्याचा श्वास चालू आहे ना? मिनिटाला किती, ते मला मोजून सांगायचं."

"चालू आहे."

"चालू आहे ते कळलं. किती?"

"मी... मला नाही येत मोजता."

"शाळेत गेली नाहीस का?"

"गेले गं. तसं नाही."

"मग काय अडचण आहे? डोक्याला मार आहे. श्वास कमी होत गेला तर मला इथून गाडीतल्या माणसांना सांगावं लागेल. छातीवर हात ठेव आणि मोज. तुझ्याशिवाय तिथं कोण आहे?"

कुणी नव्हतं. शादलियानं त्याच्या छातीवर हात ठेवला. तिला धक्क्यावरचं ते बोट दिसलं, एक एक डोक्यावर टेकत जाणारं, आणि हम्मादी होडीतून तिच्याकडे बघून जीभ काढून वेडावत होता, तोही दिसला. किती वर्षांनी दिसला. तिला रडू फुटलं. हातानं डोळे पुसायचे तर हात छातीवरून काढावा लागला असता, म्हणून तिनं तसेच वाहू दिले.

छाती वर आली.

"बरकत," शादलिया म्हणाली.

छाती खाली गेली. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा वर आली.

"दोन."

"काय म्हणालीस?" फोनमधून आवाज आला.

"मोजतेय. मधे बोलू नकोस. तीन."

पहिल्या मिनिटाला नऊ झाले. डॉक्टरणीनं थांबू नको म्हणून सांगितलं. दुसऱ्या मिनिटाला आठ. शादलिया मोठ्यानं मोजत होती, समुद्राला ऐकू जाईल अशी, जणू कुणाशी भांडत होती. प्रत्येक मिनिटाला पहिला श्वास बरकत, मग दोन, तीन, चार. आठाच्या खाली उतरू द्यायचं नाही असं तिनं ठरवून टाकलं होतं. दर वेळी सातावर आलं की ती वाकून त्याच्या कानाशी जर्मनमध्ये ओरडायची, "वीस पोळी कोण बघणार तुझी? घे! श्वास घे!" आणि तो घ्यायचा.

वरून दगड घरंगळले. मुंजी उतरत होता, दोन उड्यांत आला, पाण्याच्या बाजूनं म्हाताऱ्याला आडवा बसला, तो आणखी घसरू नये म्हणून. त्याच्यामागून चकचकीत बूट हातात घेऊन, अनवाणी, रिआद आला. काही क्षण नुसता तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. तिचा आवाज पार बसला होता. "पाच" फुटला, "सहा" नुसता ओठांतून हलला.

रिआद गुडघ्यावर बसला. खिशातून यंत्र काढलं, आकडा शून्यावर आणला, आणि पुढच्या मिनिटाला छाती पहिल्यांदा वर आली तेव्हा अंगठा दाबला. टक.

शादलियानं त्याच्याकडे पाहिलं.

"बरकत म्हण," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"बरकत," रिआद म्हणाला. टक. "दोन."

त्यानंतर दोघांनी मिळून मोजलं, गाडी येईपर्यंत. शेवटच्या मिनिटाला अकरा होते. स्ट्रेचरवाल्यांनी म्हाताऱ्याला वर नेलं तेव्हा कड्यावर बूराउई उभा होता, आणि त्याच्यामागे बसमधले सगळे. विमानवाल्यांनासुद्धा टॅक्सीत बसायला कुणी तयार करू शकलं नव्हतं. शेवटच्या क्षणी मागवाल्या हुसैनदाचा पुतण्या त्यांना आपल्या गाडीत घालून घेऊन गेला. विमान त्यांना मिळालं, असं नंतर कळलं.

त्या संध्याकाळी शादलिया बसमधून परत गेली नाही. तिनं सांगितलंच होतं.

रिआदनं अहवाल लिहिला. त्यात काय लिहिलं ते त्यानं कुणाला दाखवलं नाही, पण शादलियाची फेरी तिच्याकडेच राहिली. बूराउईला महिनाभर घरी बसवलं, मग परत घेतलं, कारण वेशीबाहेरच्या त्या चिंचोळ्या जागेत बस मागे घेणं दुसऱ्या कुणालाच जमेना. यंत्राचा नियम काही सुटला नाही. शादलिया हल्ली यंत्र वापरते. पहिलं टक करताना ओठांत काहीतरी पुटपुटते. आणि धागे बांधायचे ते बांधतेच.

नवव्या दिवशी ती इस्पितळात गेली. वोयतेखच्या खुब्यात खिळे घातले होते, डोक्याला पट्टी होती, आणि दुसऱ्या दिवशी ब्रनोहून त्याची मुलगी न्यायला येणार होती. त्याचा डावा हात चादरीवर होता. ऑपरेशनच्या वेळी नर्सनं धागा कापायला घेतला तर त्यानं शुद्ध नसतानाही मूठ आवळली होती म्हणे. शेवटी वरून पट्टी चिकटवून ठेवली.

"गाडी चुकवली मी तुमची," तो म्हणाला.

"थांबली होती गाडी."

तिनं टोपली पलंगावर ठेवली आणि कडीचा निळा-पिवळा धागा सोडायला घेतला. नऊ दिवसांत गाठ घट्ट झाली होती, तिला नखं लावावी लागली. म्हातारा बघत होता.

"त्याच्या शेजारचा कुणाचा?"

एक जण यायचा आहे, हे उत्तर तिच्या जिभेवर होतं. सत्तावीस वर्षं दिलेलं. आईनं त्याच्याआधी दिलेलं.

"माझ्या भावाचा," ती म्हणाली. "हम्मादीचा. समुद्रावर गेला, आला नाही."

वोयतेखनं मान हलवली. मग म्हाताऱ्या माणसांच्या साध्या चौकसपणानं त्यानं विचारलं, "किती भावंडं तुम्ही?"

हा प्रश्न तिला आयुष्यात हजार वेळा विचारला गेला असेल. शाळेत, कचेरीत, लग्नाच्या बोलणीत. ती म्हणायची, घर भरलेलं होतं. कचेरीतल्या कागदावर नवरा आकडा घालायचा, ती मान फिरवायची. आता तिनं आपली बोटं उघडली आणि त्यांच्याकडे बघितलं.

"बरकत," ती म्हणाली आणि थोरल्या बहिणीसाठी करंगळी मिटली. "दोन. तीन, तो हम्मादी. चार मी. पाच. सहा." मग मोठ्यानं, सबंध खोलीला ऐकू जाईल असं, "सहा. आम्ही सहा जण आहोत."

निळा-पिवळा धागा सुटला. तो तिनं म्हाताऱ्याच्या तळहातावर ठेवला. दुसरा तिनं तसाच राहू दिला आणि टोपली उचलून बसला उशीर होऊ नये म्हणून निघाली.